पासाच्या अंतरावरचं घर

'कुठे राहता?' असं विचारलं, तर मुंबईकडचा माणूस गावाचं नाव सांगत नाही, स्टेशनचं सांगतो. पुढचा प्रश्न, 'ईस्ट की वेस्ट?' आणि तिसरा, 'स्टेशनपासून चालत किती?' तिन्ही उत्तरं मिळाली की समोरच्याला तुमचा पगार, तुमची उठायची वेळ आणि तुमच्या घरात कोण किती दमत असेल, याचा साधारण अंदाज येतो. ही भाषा शंभर-सव्वाशे वर्षांत तयार झाली. कामाला जाता येईल अशा अंतरावर कुटुंबाचं बिऱ्हाड कुठे हलवायचं, हा निर्णय त्या काळात मुंबईच्या माणसाला तीन-चार वेळा नव्याने घ्यावा लागला. आज त्याविषयी बोलू.

आगगाडी आली १८५३ साली, बोरीबंदर ते ठाणे. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेला रोजची गाडी सुरू झाली. म्हणजे आज ज्याला आपण उपनगरी प्रवास म्हणतो, त्याचे रूळ दीडशे वर्षांपूर्वीच पडलेले होते. पण कामगार काही लगेच ठाण्याला जाऊन राहिला नाही. गिरणीत काम करणारा माणूस गिरणीच्या भोंग्याच्या टापूतच राहिला. याला कारण होतं. गिरणीत 'बदली' कामगारांची संख्या मोठी असे. या माणसाने रोज सकाळी दरवाज्यावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याची जागा घ्यायची, नाहीतर परत यायचं. ज्याला काम मिळेल की नाही हेच ठाऊक नाही, तो पास काढून लांबून कसा येणार? शिवाय जॉबरशी ओळख, खानावळ आणि उधारी देणारा वाणी हे सगळं परळ-लालबागलाच होतं. वाण्याची वही एका वस्तीतून दुसरीकडे नेता येत नाही.

सरकारला हे कळलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांचा दुष्काळ पडला, म्हणून गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. याच खात्याच्या नावावरून आपण 'बीडीडी चाळी' म्हणतो. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे सिमेंट काँक्रीटच्या भक्कम चाळी उठल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आणि गंमत अशी, की दाटीवाटीत राहणाऱ्या कामगारांसाठी बांधलेल्या या चाळींपैकी वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्या पडून होत्या! वरळी तेव्हा कामगाराच्या हिशेबात लांब होती, भाडं जास्त वाटत होतं, बाजार जवळ नव्हता. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना ठेवायला यातल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. नकाशावर जे दीड-दोन मैल दिसत होते, ते पायी चालणाऱ्याला परवडणारे नव्हते. आज त्याच वरळीत घर कुणाला परवडतं, हे मी सांगायला नको.

कारकुनाचं गणित वेगळं होतं. त्याची वेळ ठरलेली, पगार ठरलेला, आणि रविवारची सुट्टीही. तो गिरगाव-ठाकुरद्वारला राहून फोर्टात चालत किंवा ट्रामने जात असे. १८९६ मध्ये प्लेग आला आणि दाट वस्तीची सगळ्यांनाच धास्ती बसली. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी हाती घेतली. रुंद रस्ते, मोकळी हवा, मध्ये बागा. पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. त्याच सुमाराला, १९१५ मध्ये, गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. सहकारी गृहनिर्माणाच्या इतिहासात तिचं नाव अग्रक्रमाने घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवू. 'आपल्या माणसांत घर' ही सोय ज्यांना मिळाली, त्यांच्या कुंपणाबाहेर कोण राहिलं, याची नोंद संस्थांच्या अहवालांत सापडत नाही.

खरा बदल केला विजेने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली, १९३६ मध्ये विरार. कल्याणच्या बाजूने तर १९३० पर्यंत वीज घाट चढून पुण्याला पोचली होती. वाफेच्या इंजिनाला स्टेशनागणिक थांबून पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, विजेच्या गाडीला लागत नाही. त्यामुळे स्टेशनं जवळजवळ असली तरी चाललं, आणि गाड्याही पाठोपाठ सोडता आल्या. त्यात महिन्याचा पास. रोजच्या तिकिटांच्या मानाने तो फारच स्वस्त, आणि अंतर दुप्पट झालं म्हणून दुप्पट होणारा नव्हे. पार्ल्याऐवजी बोरिवली घेतली, तर पासाला थोडेच पैसे जास्त पडत आणि भाड्यात बरेच वाचत. मुंबईकराला मैल सोडून मिनिटं मोजायला शिकवलं ते या पासाने.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. १९४० च्या पातळीवर भाडी गोठली. ज्याच्या ताब्यात गिरगावात खोली होती तो सुरक्षित झाला आणि ज्याचं लग्न त्यानंतर ठरलं तो अडकला. खोली सोडायला कुणी तयार नाही, सुटलीच तर पागडी मागणार. घरमालकाला दुरुस्ती परवडेना आणि नवीन चाळ भाड्याने द्यायला बांधण्यात अर्थ उरेना. एका खोलीत दोन भाऊ, दोन सुना, पोरंबाळं आणि गॅलरीत झोपणारे पाहुणे. कायदा भाडेकरूच्या भल्यासाठी होता आणि त्याने लाखो कुटुंबांना आधारही दिला. पण धाकट्या भावाला त्याने गाडीत बसवून दिलं, हेही तितकंच खरं.

आमचं घर हे त्या धाकट्या भावाचंच. १९६८ साली वडिलांनी गिरगाव सोडायचं ठरवलं, तेव्हा कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी तक्ता आखला होता. पार्ले, मुलुंड, डोंबिवली. पुढे रकाने : डिपॉझिट, भाडं, पास, गाडीची मिनिटं, पाणी, शाळा. पार्ल्याचं डिपॉझिट वाचूनच काका हसले होते म्हणतात. मुलुंडला जागा होती, पण एकच खोली. डोंबिवलीला दोन खोल्यांचा 'ब्लॉक', स्वतंत्र संडास-मोरी, खाली विहीर आणि खिडकीतून भाताची शेतं. व्हीटीपासून ४८ किलोमीटर. डोंबिवली मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढून तिथेच थांबली होती. त्यामुळे जागा स्वस्त, आणि नळ, रस्ते, गटारं नावापुरती. पण गिरगावातली चार ओळखीची बिऱ्हाडं आधीच तिथे गेली होती, गणपतीचं देऊळ होतं, मराठी शाळा होती. वडिलांनी डोंबिवलीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

त्या तक्त्यात एक रकाना नव्हता. आई गिरगावात महापालिकेच्या शाळेत शिकवत होती. घरापासून शाळा सात मिनिटांवर. डोंबिवलीहून तिला व्हीटीला उतरून पुढे बस धरावी लागणार होती आणि मुंबईच्या पालिकेची शिक्षिका डोंबिवलीला बदली मागू शकत नव्हती, कारण ती हद्दच वेगळी. दोन वर्षं तिने ये-जा केली. पहाटे साडेचारला चूल, सहाची गाडी, परतताना डब्यात भाजी निवडणं. मग धाकटी आजारी पडायला लागली आणि आईने नोकरी सोडली. पुढे डोंबिवलीतच एका खासगी शाळेत निम्म्या पगारावर लागली. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "तुझ्या बाबांनी घर त्यांच्या ऑफिसपासून मोजलं."

मी नंतर अनेक कुटुंबांना त्यांच्या स्थलांतराविषयी विचारत गेलो, आणि हे वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं. उपनगरांचा इतिहास लिहिताना आपण वीज, रूळ, कायदा आणि बिल्डर यांच्याविषयी लिहितो. लांबचं घर स्वस्त पडतं, कारण त्याच्या किमतीचा एक भाग कुणीतरी वेळेत भरत असतं. तो कुणी भरला, हे विचारायला हवं. डोंबिवली, ठाणे, बोरिवली इथे पाळणाघरं आणि पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली उभी राहिली, ती या वेळेच्या टंचाईतून. ती चालवणाऱ्याही बहुधा बायकाच. चर्चगेटहून बोरिवलीला 'लेडीज स्पेशल' सुटली ती १९९२ च्या मे महिन्यात. विजेची गाडी त्या मार्गावर धावायला लागून तेव्हा चौसष्ट वर्षं झाली होती!

गिरणगावाचं काय झालं, ते थोडक्यात सांगतो, कारण ती कहाणी तुम्हाला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणी बंद झाल्यावर गिरणीजवळ राहण्याचं कारणच संपलं. मुलीचं लग्न, कर्ज, आजारपण यासाठी खोली विकून कुणी गावी गेलं, कुणी नालासोपारा-विरारला, कुणी बदलापूर-टिटवाळ्याला. आजोबांनी गाडीचा पास कधी काढला नव्हता, नातू बदलापूरहून येऊन लोअर परळच्या त्याच गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये पहारा करू लागला. जनगणनेतही हे उमटलं आहे. मुंबई शहर जिल्ह्यात १९८१ ला सुमारे ३२ लाख ८५ हजार माणसं होती, २०११ ला ३० लाख ८५ हजार. तोवर एकटी कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या जवळ पोचली होती.

घर आणि काम यांतलं अंतर रेल्वेने किती लपवून ठेवलं होतं, ते २०२० च्या मार्चमध्ये दिसलं. लोकल बंद झाली. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी थोड्या गाड्या सुटेपर्यंत परिचारिका, सफाई कामगार, बँकेतले लोक एसटीच्या बसने कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला येत होते. एका बाजूला घरून काम करणाऱ्यांनी बदलापूरच्या पुढे, कर्जत-नेरळला जागा पाहायला सुरुवात केली. आता पास नको, रोज जायचंच नाही, असं त्यांना वाटलं. पुढे ऑफिसांनी आठवड्यातून तीन दिवस, चार दिवस असं बोलावणं सुरू केलं आणि त्यातल्या अनेकांना गाडीचं वेळापत्रक पुन्हा पाठ करावं लागलं. आणि गाडीतली गर्दी अजून माणसं मारते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. रोजच्याच गाडीने ते कामावर निघाले होते.

आता घर शोधणारी जोडपी मी पाहतो, तेव्हा एक फरक जाणवतो. तिचं ऑफिस ऐरोलीला, त्याचं अंधेरीला. व्हीटीपासूनच्या मिनिटांना त्यांच्या लेखी काहीच अर्थ नाही. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि ठाणं हे दोन दिशांच्या नोकऱ्यांमधलं नाकं बनलं. गेल्या वर्षी माझ्या भाचीने घर घेतलं. तिच्याही हातात तक्ता होता, मोबाइलवर. त्यात त्याच्या ऑफिसची मिनिटं, तिच्या ऑफिसची मिनिटं, आणि तिसरा रकाना 'आईचं घर'. बाळ सांभाळायला आजी जिथून चालत येऊ शकेल, ते अंतर पंधरा मिनिटांच्या वर नको, अशी अट तिने दलालाला पहिल्याच दिवशी सांगितली. त्यामुळे पाचपाखाडीचं मोठं घर गेलं आणि कळव्याचं लहान आलं. आजीला मात्र कुणी विचारलं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.