नौल्याचे राखणदार

कुमाऊंच्या डोंगरांत गावालगत दगडी छपराचे एक लहानसे कुंड दिसते. त्यास तेथे ‘नौला’ म्हणतात. डोंगरातून झिरपणारे पाणी त्यात साठते. आत पुष्कळदा विष्णूची मूर्ती असते, आणि देवाच्या धाकाने पाणी निर्मळ राहते. पण ते येते कोठून? वरच्या बांजाच्या, म्हणजे ओकाच्या, रानातून. तेथील पालापाचोळ्याखाली पाऊस मुरतो आणि सावकाश खाली पाझरतो. नौला राखावयाचा तर रान राखले पाहिजे, हे गावास कोणी शिकवावे लागले नाही.

इंग्रजी अमलात 1911 ते 1917 या काळात ही राने राखीव झाली. लाकूड व राळ देणारा चीड हा सूचिपर्णी वृक्ष सरकारच्या लेखी मोलाचा ठरला. गवत, सरपण, चराई यांवर निर्बंध आले. 1921 च्या मकरसंक्रांतीस बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी बेगारीच्या वह्या सरयूत बुडविल्या; त्याच उन्हाळ्यात राने पेटली. परंतु पेटली ती चिडाची. बांजाच्या रानांस झळ पोहोचल्याची नोंद इतिहासकारांस आढळत नाही. संतापाच्या भरातही लोकांनी आपले पाणी जाळले नाही! इतिहासातील हा लहानसा तपशील आम्हांस फार बोलका वाटतो.

सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर रानाचा मोठा भाग वनखात्याकडून महसूलखात्याकडे गेला. पुढे केंद्राचे गृहमंत्री झालेले गोविंद वल्लभ पंत यांनी 1922 मध्ये या प्रश्नावर पुस्तक लिहिले. अखेर 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. गावाने पंच निवडावे, गवत कापण्याचे दिवस ठरवावे, चोरट्या तोडीस दंड करावा. कोठे घरटी धान्य काढून राखणदार ठेवावा, अशी ही रीत. आज उत्तराखंडात अशा सुमारे बारा हजार पंचायती आहेत.

मात्र 2001 च्या नियमांनी वनखात्याचा हात त्यांत पुन्हा बळकट केला. खात्याजवळ शास्त्र आहे, नकाशे आहेत. त्यांचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु परमुलखात अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्या आपण सर्वांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. आपली बदली होते. नौल्यावर घागर घेऊन येणारीची होत नाही. रानाची राखण मुख्यतः तिच्याच हाती असणे, हाच न्याय होय आणि शहाणपणही.