शालान्त परीक्षा आणि घर

माघ सरून फाल्गुन लागला कीं मुंबईच्या उपनगरांतील कित्येक घरांत एक प्रकारची निःशब्दता पसरते. पाहुण्यांस 'यंदा येऊं नका' असें आडून सुचविलें जातें, रेडिओ-दूरचित्रवाणीचा आवाज मंदावतो, लग्नामुंजीच्या आमंत्रणास आईबापांपैकीं एकच जण तोंड दाखवून येतो. अंधेरी-बोरिवलीस जा किंवा घाटकोपर-मुलुंडास जा, दहावींतील मूल ज्या घरीं आहे त्या घरास सोयरसुतक नसतांही सर्व व्यवहारांतून सूट मिळते. 'त्यांच्याकडे दहावी आहे' एवढें म्हटलें कीं पुरें. ही परीक्षा कोणीं व कशासाठीं निर्माण केली, तिचें आजचें स्वरूप तिला कसें आलें, आणि तिच्यापुढें आईबापांचें कर्तव्य कोणतें, याचा विचार इतिहासाच्या अंगानें केल्यास पालकांस कांहीं उपयोग होईल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेलें होतें. म्हणजे तें स्वतः शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई व पदव्या देई. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. अशा संस्थेस, आपल्या दारांत कोणास घ्यावें हें ठरविण्यासाठीं एक चाळणी हवी होती. ती चाळणी म्हणजेच मॅट्रिक्युलेशन. हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ नोंदवही एवढाच आहे. नोंदवहींत नांव घालण्यास हा विद्यार्थी योग्य आहे कीं नाहीं, इतकाच प्रश्न ही परीक्षा विचारीत असे. पहिली परीक्षा १८५९ सालीं झाली व तींत उत्तीर्ण झालेल्या मूठभर विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें १८६२ सालीं बी. ए. ची पहिली परीक्षा झाली, तेव्हां वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे यांच्यासह हे दोघे विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले.

या पहिल्या पिढीच्या आईबापांनीं मुलांस कोणतें साहाय्य केलें? अभ्यासाचें म्हणावें तर जवळजवळ कांहींच नाहीं. तें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. मुलगा कोणतें इंग्रजी पुस्तक वाचतो आहे व त्यांत काय लिहिलें आहे, हें बहुतेक घरांत कोणासही सांगतां आलें नसतें. भांडारकरांच्या वडिलांची बदली मालवणाकडून रत्नागिरीस झाली, म्हणून मुलास इंग्रजी शाळा मिळाली. रानड्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत. त्यांनीं मुलास मुंबईस एल्फिन्स्टनमध्यें जाऊं दिलें. जाऊं देणें, खर्च सोसणें, आणि विश्वासानें वाट पाहणें, एवढाच त्या वडिलांचा वांटा. पण तो लहान नव्हता.

धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. १८७५ सालीं ते कोंकणांतील मुरूडहून सह्याद्रि ओलांडून, शंभरांहून अधिक मैल चालत, सातारा येथें मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस गेले. तेथें, वय लहान दिसतें या कारणावरून, त्यांस परीक्षेस बसूं दिलें गेलें नाहीं. आल्या वाटेनें परत फिरावें लागलें. वय खरोखर कमी नव्हतें. अंगानें किरकोळ असणें एवढाच अपराध! ती परीक्षा ते पुढें उत्तीर्ण झाले, १८८१ सालीं मॅट्रिक झाले, १८८४ सालीं बी. ए. झाले, आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. साताऱ्याहून परतलेल्या त्या मुलास घरांत 'सारे कष्ट फुकट गेले' असें ऐकावें लागतें, तर पुढें काय झालें असतें, याचा विचार प्रत्येक पालकानें आपल्या मनाशीं एकदां करावा.

दाराचें तोरण पुढें देवघरांतील मूर्ति कसें झालें, हें आतां पाहूं. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पेढ्या यांस इंग्रजी लिहितां येणारे कारकून हवे होते. उमेदवार पारखण्याची आयती कसोटी विद्यापीठानें करून ठेविलीच होती. तेव्हां कॉलेजच्या प्रवेशासाठीं काढलेली परीक्षा नोकरीची पात्रता ठरली. १८८२ च्या हंटर कमिशनच्या लक्षांत हा घोटाळा आला होता. माध्यमिक शिक्षणाच्या दोन शाखा कराव्या, एक विद्यापीठाकडे जाणारी व दुसरी व्यापारधंद्याकडे वळणारी, अशी शिफारस त्यानें केली. परंतु दुसऱ्या वाटेनें जाण्यास लोक फारसे राजी झाले नाहींत. कारण प्रतिष्ठा पहिल्या वाटेवर होती. 'मॅट्रिक पास' हा शब्द वरसंशोधनांतही चालूं लागला, आणि 'मॅट्रिक नापास' हें एक विशेषण होऊन माणसाच्या नांवास चिकटलें. आमच्या मतें आजच्या बहुतेक दुःखाचें मूळ येथें आहे. परीक्षेनें विचारलेला प्रश्न निराळा होता, समाजानें ऐकलेलें उत्तर निराळें होतें.

उपनगरांची वाढ याच शब्दाच्या छायेखालीं झाली. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा काढण्यांत आला. १९२१ सालीं पार्ल्यास लोकमान्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय निघालें, १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, आणि १९३० सालीं जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज उघडलें. पु. ल. देशपांडे यांचें शिक्षण या पार्ले टिळक विद्यालयांत व पुढें या कॉलेजांतच झालें. गिरगांवच्या चाळींतून मोकळ्या हवेसाठीं इकडे आलेला कारकूनवर्ग आपल्याबरोबर एक नवी वस्तु घेऊन आला: स्वतः मॅट्रिक झालेला बाप. मुलाची वही कळणारा असा पालक आमच्या इतिहासांत प्रथमच मोठ्या संख्येनें दिसूं लागला. त्यापासून लाभ झाला यांत शंका नाहीं. गणित अडलें तर घरांत विचारण्यास माणूस मिळालें. पण जो पारखूं शकतो तो पारखीतच राहतो. सकाळच्या गाडीपूर्वीं पाढे व सायंकाळच्या गाडीनंतर भाषांतर अशी तपासणी सुरू झाली, आणि 'आमच्या वेळीं' हा शब्दप्रयोग घरोघर ऐकूं येऊं लागला.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेचें नांव व मालक दोन्ही बदलले. १९४८ च्या कायद्यानें मुंबई प्रांतांत शालान्त परीक्षेचें स्वतंत्र मंडळ निर्माण झालें व शाळेची शेवटची परीक्षा विद्यापीठाच्या हातून निघाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ही परीक्षा आतां कॉलेजच्या दाराची नसून शाळेच्या समाप्तीची झाली. १९६६ च्या जानेवारीपासून महाराष्ट्राचें राज्य मंडळ कारभार पाहूं लागलें. आज त्याचीं नऊ विभागीय मंडळें आहेत व उपनगरांतील मुलें मुंबई विभागांत मोडतात. कोठारी आयोगाच्या शिफारशीस अनुसरून दहा वर्षांची शाळा ठरली, आणि १९७५ सालीं जुन्या अकरावीची शेवटची व नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षीं परीक्षेस बसली. एका घरांत थोरला अकरावीस व धाकटा दहावीस, आणि दोघांचीही परीक्षा एस. एस. सी. च, असा चमत्कारिक योग त्या वर्षीं आला.

यानंतरचा इतिहास अगदीं अलीकडचा असला तरी तोच सर्वांत बोधप्रद आहे. २००९ पासून मुंबई महानगर प्रदेशांत अकरावीचे प्रवेश संगणकावरून होऊं लागले आणि एकेका गुणास मोल आलें. निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करावी यावरून त्या सुमारास न्यायालयांत वाद माजले, आणि २०१० मध्यें सहांपैकीं उत्तम पांच विषयांचेच गुण धरण्याची पद्धत रूढ झाली. २०१९ च्या परीक्षेत भाषांचे शाळेकडून मिळणारे अंतर्गत गुण बंद होते. त्या वर्षीं राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. पुढील वर्षीं ते गुण परत आले व निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२१ सालीं साथीमुळें परीक्षाच झाली नाहीं, शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लावला गेला, आणि तो ९९.९५ टक्के होता. या तीन वर्षांत महाराष्ट्रांतील मुलांची बुद्धि एकदम वाढली असें कोणी म्हणणार नाहीं. बदलले ते नियम. २०१९ मध्यें जो मुलगा नापास ठरून घरीं मान खालीं घालून बसला, तोच एक वर्ष उशिरां जन्मला असतां तर कदाचित् पेढे वांटीत फिरला असता! ज्या मापाची लांबी वर्षागणिक बदलते त्या मापानें मुलाची योग्यता मोजूं नये, हें इतिहासाचें रोकडें सांगणें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, हें तत्त्वज्ञान ठीक आहे. पण हव्या त्या कॉलेजांत प्रवेश गुणांवरच मिळतो, त्याचें काय? हा आक्षेप खरा आहे व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. परीक्षा क्षुल्लक आहे असें मुलास सांगणें म्हणजे त्याची फसवणूक करणें होय. ती एक वाट आहे, चांगली वाट आहे, आणि तिच्यासाठीं श्रम केलेच पाहिजेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ती वाट आहे. वाटसरूची किंमत नव्हे. हा भेद ज्या घरांत पाळला जातो तेथें मूल अधिक निर्धास्तपणें अभ्यास करतें. कारण त्यास एकच ओझें वाहावें लागतें, दोन नव्हेत.

मग घरानें काय करावें? पहिली गोष्ट जागा. उपनगरांतील कित्येक कुटुंबें आजही एका-दोन खोल्यांत राहतात. वरळीस तर रस्त्याच्या दिव्याखालीं बसून अभ्यास करणाऱ्या मुलांमुळें एका रस्त्यास 'अभ्यास गल्ली' हेंच नांव पडलें आहे. घरांत जागा नसेल तर अभ्यासिका, वाचनालय, शेजारची रिकामी खोली शोधून देणें, हें बापानें बीजगणित शिकविण्याहून मोठें साहाय्य आहे. दुसरी गोष्ट झोंप. विद्यार्थिदशेंतील अतिश्रमांनीं रानड्यांचे डोळे अधू झाले ते कायमचेच. रात्रभर जागणारें मूल पाहून अभिमान वाटण्याचें कारण नाहीं. दिवा मालवावयास लावणें हें आईचें काम आहे.

तिसरी गोष्ट परीक्षेचें स्वरूप समजून घेणें. भाषेचा पेपर ८० गुणांचा व २० गुण शाळेकडचे. गणित व विज्ञान यांचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन भाग. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण. हें पालकांस ठाऊक असेल तर मुलाशीं बोलणें नेमकें होतें. अपेक्षित प्रश्नांचे संच पाठ करण्यापेक्षां, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविणें अधिक हिताचें. क्लास लावावयाचा तर खुशाल लावावा. परंतु शाळा, क्लास व गाडींतील प्रवास मिळून दिवस संपत असेल, तर शिकलेलें मुरावयास वेळ कोठला? अलीकडे बऱ्याच मराठी घरांतील मुलें इंग्रजी माध्यमांत आहेत व पुस्तकाची भाषा आईस परकी वाटते. तिनें खंत करूं नये. १८५९ च्या आयांचीही तीच स्थिति होती. 'आज काय शिकलास तें मला मराठींत सांग' एवढें म्हणून ती ऐकत बसली, तरी मुलाची उजळणी होते. आणि जें आईस समजावून देतां येतें तें मुलास खरोखर आलेलें असतें.

परीक्षेच्या दिवसांत तर बोलणें थोडकेंच असावें. केंद्र कोठें आहे तें आदल्या दिवशीं पाहून ठेवावें, गाड्या उशिरां येतात हें धरून लवकर निघावें, प्रवेशपत्र आदल्या रात्रींच पिशवींत घालावें. पेपर देऊन आलेल्या मुलास दारांतच 'किती सुटले?' असें विचारूं नये. जो पेपर झाला तो बदलत नाहीं. उद्यांचा मात्र बिघडूं शकतो.

शेवटीं निकाल. पूर्वीं वर्तमानपत्रांतील आंकड्यांच्या रांगांतून आपला क्रमांक शोधावा लागे. आतां तो क्षणांत हातांतील दूरध्वनीवर दिसतो. पण त्या क्षणीं मूल पडद्याकडे पाहत नसतें, तें आईबापांच्या मुद्रेकडे पाहत असतें. निकालानंतर एखाद्या मुलानें जिवाचें बरें-वाईट केल्याची वार्ता छापून येते, तेव्हां आपण हळहळतों व पान उलटतों. मूल अबोल झालें, जेवेनासें झालें, 'मी नसतों तर बरें' असें बोलूं लागलें, तर तें थट्टेवारी नेऊं नये. त्याच्याजवळ बसावें, एकटें सोडूं नये, आणि शिक्षक, वैद्य किंवा समुपदेशक यांस त्वरित गांठावें. परीक्षेच्या काळांत मंडळही समुपदेशकांचे क्रमांक प्रसिद्ध करीत असतें.

आणि नापास झालें तरी दारें बंद होत नाहींत, ही गोष्ट निकालापूर्वींच मुलाच्या कानीं पडलेली असावी. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवितां येते, गुणपडताळणी होते. २०१५ पासून त्याच वर्षीं जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षेची सोय झाली, त्यामुळें वर्ष वांचूं शकतें. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतां येतें. आणि पास झालेल्यासही केवळ अकरावी हीच वाट नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तंत्रनिकेतनांतील पदविका आहेत. हंटर कमिशनला जी दुसरी वाट १८८२ मध्यें रुजवितां आली नाहीं, ती आज उघडी आहे. तिच्यावर पाऊल टाकणाऱ्या मुलाकडे आपण कोणत्या नजरेनें पाहतों, एवढाच प्रश्न उरला आहे. त्याचें उत्तर देणें ना मंडळाच्या हातीं आहे, ना सरकारच्या. तें घराच्याच हातीं आहे.