औषध नव्हते तेव्हा : सातारा-सांगलीतील असाध्य आजारी मुले

१/ आजार बरा होणार नाही हे कळल्यावर लहान मुलाची काळजी कुठे घ्यायची? सातारा-सांगलीत या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर 'घरी' हेच आहे. रुग्णालये त्यानंतर आली.

२/ डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये सांगलीत आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. तेथील शस्त्रक्रियांची ख्याती दूरवर पसरली. क्षयापुढे मात्र शस्त्रही हतबल होते.

३/ १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत क्षयरुग्णांसाठी 'बेल-एअर' आरोग्यधाम स्थापन केले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. तोवर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार, म्हणजे शुश्रूषा हाच मुख्य उपचार होता.

४/ विसाव्या शतकाच्या अखेरीस तोच प्रसंग पुन्हा आला. एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. क्षयासाठी उभारलेल्या बेल-एअरने या रुग्णांनाही आसरा दिला. सरकारी मोफत औषधे २००४ मध्ये सुरू झाली. मुलांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम मात्र २००६ च्या अखेरीस आला. आईकडून संसर्ग झालेल्या अनेक मुलांच्या वाट्याला त्याआधी केवळ शुश्रूषाच होती.

५/ दरम्यान ऑक्सफर्डमध्ये १९८२ साली 'हेलन हाउस' हे मुलांसाठीचे जगातील पहिले हॉस्पिस उघडले. १९८६ मध्ये मुंबईत 'शांती आवेदना सदन' आणि १९९७ मध्ये पुण्यात सिप्लाचे परिहार सेवा केंद्र सुरू झाले. कृष्णाकाठच्या कुटुंबांसाठी ही दोन्ही शहरे दूरचीच.

६/ जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मुलांच्या परिहार सेवेची व्याख्या केली. ही सेवा निदानाच्या दिवसापासून सुरू व्हावी, उपचारांसोबत चालावी आणि कुटुंबालाही आधार द्यावा, असे ती सांगते. ती मोठ्या रुग्णालयात, आरोग्य केंद्रात किंवा मुलाच्या घरीही देता येते.

७/ पण तीव्र वेदना केवळ मायेने शमत नाहीत, मॉर्फिन लागते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते मिळवणे परवान्यांच्या जंजाळात अडकले. तो अडसर दूर करणारी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली.

८/ क्षय आणि एचआयव्हीवर औषधे आली, तशी आरोग्यधामांची भूमिका बदलली. कर्करोग किंवा मज्जासंस्थेच्या असाध्य विकाराने आजारी असलेली मुले मात्र आजही आहेत. त्यांची जागा अनेकदा घरच असते. म्हणून जत किंवा पाटणमधील मुलासाठी खरा प्रश्न नव्या इमारतीचा नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि वेदनाशामक औषध त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते का, हा आहे.