दाहजन्य संधिवात व त्वचाविकारांतील रक्ताच्या गुठळ्या

दाहजन्य संधिवात आणि दाहजन्य त्वचाविकार असलेल्या व्यक्तींच्या नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तो सुमारे दुप्पट आढळतो; सोरायसिस व सोरायटिक संधिवातातील वाढ तुलनेने कमी असते. गुठळी बहुधा पायाच्या खोल नीलेत होते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकल्यास रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होतो.

कारणे

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रयीनुसार गुठळीस तीन गोष्टी कारणीभूत ठरतात : रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. दीर्घकालीन दाहात या तिन्ही एकत्र येऊ शकतात. दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-६ सारख्या प्रथिनांमुळे यकृतात फायब्रिनोजेन अधिक तयार होते, अस्तराचे कार्य बिघडते आणि गुठळी विरघळवण्याची नैसर्गिक क्रिया मंदावते. सांधे आखडल्याने हालचालही कमी होते. रोग बळावलेला असताना धोका अधिक असतो. लठ्ठपणा, धूम्रपान, गर्भारपण, कर्करोग व सांधेबदल शस्त्रक्रिया यांमुळे त्यात भर पडते.

औषधांचा संबंध

टोफासिटिनिब हे जॅक-रोधक गटातील औषध आहे. पन्नास वा अधिक वयाच्या आणि हृदयविकाराचा किमान एक जोखीम घटक असलेल्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांवरील चाचणीत, दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसातील गुठळ्या अधिक आढळल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या मात्रेविषयी ठळक इशारा दिला. २०२१ मध्ये टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब व उपाडासिटिनिब यांच्यावरील ठळक इशाऱ्यांत सुधारणा करण्यात आली. तथापि, औषध परस्पर बंद केल्यास दाह पुन्हा बळावू शकतो; म्हणून बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा लागतो.

लक्षणे व निदान

एका पायाला सूज, वेदना, उष्णपणा व लाली ही खोल नीलेतील गुठळीची लक्षणे होत. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा शुद्ध हरपणे ही फुप्फुसात गुठळी अडकल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

संधिवाताच्या रुग्णांत निदान चुकण्याचा संभव असतो. पायाची सूज नेहमीच्या दुखण्याची मानून दुर्लक्षिली जाते. गुडघ्यामागील बेकर पुटी फुटल्यासही पोटरी अशीच सुजते. डी-डायमर या रक्तचाचणीचे मूल्य दाहामुळेही वाढते, त्यामुळे केवळ त्यावरून गुठळी असल्याचे ठरत नाही. पायाची डॉप्लर सोनोग्राफी व फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन यांनी निदान निश्चित होते.

उपचार व प्रतिबंध

हेपारिन, वॉरफॅरिन, अॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन इत्यादी रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारी औषधे सामान्यतः किमान तीन महिने दिली जातात. त्यांच्यासोबत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. संधिवातात अशा गोळ्या सर्रास घेतल्या जात असल्याने डॉक्टरांना त्यांची माहिती देणे महत्त्वाचे ठरते.

दाह आटोक्यात ठेवणे, झेपेल तेवढी हालचाल करणे, दीर्घ प्रवासात मधूनमधून चालणे, वजन मर्यादित राखणे व धूम्रपान टाळणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय होत. पूर्वी स्वतःला किंवा जवळच्या नातलगास गुठळी झाली असल्यास, नवे औषध वा शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावे लागते.