उद्यांचें यंत्र आणि आजचें काम

मुलगा परगांवीं शिकावयास निघाला, किंवा मुलगी महाविद्यालयांत जाऊं लागली, म्हणजे सध्यांच्या सुशिक्षित घरांत एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. संगणक घ्यावयाचा हें ठरलेलें असतें. पैशांची तजवीजहि झालेली असते. इतक्यांत एखादा जाणता भाचा सांगतो, "मामा, आतां घेऊं नका, दोन महिन्यांनीं नवी आवृत्ति येणार आहे." झालें! बेत पुढें ढकलला जातो. दोन महिन्यांनीं नवी आवृत्ति येते, आणि तिच्याबरोबरच तिच्याहि पुढच्या आवृत्तीची वार्ता येते. गेल्या महिन्यांत हा प्रश्न माझ्याच घरीं निघाला आणि मुलीनें माझें मत विचारलें. जन्मभर इतिहास शिकविणाऱ्या माणसास यंत्रांतलें कितपत कळतें हें ती जाणून आहे. मींहि तिला लगेच उत्तर दिलें नाहीं. धंद्याच्या सवयीप्रमाणें आधीं मागें वळून पाहिलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. आजचा संगणक जन्मास येण्यापूर्वींच तो एका मोठ्या बुद्धिमान् पुरुषापुढें आणि एका मोठ्या सरकारापुढें उभा राहिला होता.

तो पुरुष म्हणजे इंग्रज गणिती चार्लस बॅबेज (१७९१-१८७१). त्या काळीं ज्योतिषी, खलाशी, विमेवाले या सर्वांचें काम छापील कोष्टकांवर चाले. आणि तीं कोष्टकें हातानें केलेल्या हिशेबांचीं असल्यामुळें त्यांत चुका फार असत. हिशेब यंत्रानें व्हावा आणि त्याची छपाईहि यंत्रानेंच व्हावी, म्हणजे चुकीस वाव राहणार नाहीं, असें बॅबेजच्या मनानें घेतलें. १८२२ सालीं त्यानें एक लहान नमुना करून दाखविला. पुढच्याच वर्षीं ब्रिटिश सरकारनें १,५०० पौंडांची पहिली रक्कम दिली आणि 'डिफरन्स एंजिन' या यंत्राच्या कामास प्रारंभ झाला. संकल्प २५,००० सुट्या भागांचा होता. जोसेफ क्लेमेंट या निष्णात कारागिराच्या हाताखालीं १८३२ अखेर त्यांपैकीं सुमारें २,००० भागांचा एक हिस्सा जुळून तयार झाला आणि तो उत्तम चालला.

यानंतर दोन गोष्टी घडल्या. १८३३ सालीं पैशांच्या वादावरून क्लेमेंटनें काम थांबविलें. आणि १८३४ सालीं बॅबेजला त्याहून पुष्कळ मोठी कल्पना सुचली. जुनें यंत्र एकाच जातीचा हिशेब करणारें होतें. नवें 'अॅनॅलिटिकल एंजिन' सांगावा तो हिशेब करणारें व्हावयाचें होतें. त्यांत आंकडे सांठविण्याचें कोठार निराळें, हिशेबाची गिरणी निराळी, आणि हुकूम द्यावयाचा तो जॅकार्डच्या मागावर वापरतात तसल्या भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं. आजच्या संगणकाची आंखणी बहुतेक याच तत्त्वांवर आहे. परंतु या कल्पनेचा तात्कालिक परिणाम मात्र विपरीत झाला. बॅबेजनें सरकारास नव्या यंत्राची हकीकत कळविली आणि जुनें पुढें चालवावयाचें कीं नाहीं, याचा निर्णय मागितला. आतां सरकारनें काय करावें? ज्यावर पैसा ओतला तें यंत्र अपुरें. आणि तें करणाराच सांगतो कीं, याहून सरस यंत्र शक्य आहे! मंत्रिमंडळें बदललीं, निर्णय होईना. अखेर १८४२ सालीं, सुमारें १७,००० पौंड खर्च झाल्यावर, पीलच्या सरकारनें हा उद्योग कायमचा बंद केला. जुनें यंत्र पुरें झालें नाहीं, आणि नवेंहि कधीं बांधलें गेलें नाहीं.

एवढ्यावरून बॅबेजची कल्पना अव्यवहार्य होती असें कोणी म्हणेल, तर तें बरोबर होणार नाहीं. १८४७ ते १८४९ या काळांत त्यानें डिफरन्स एंजिनाचाच एक नवा आराखडा तयार केला. भाग सुमारें ८,०००, म्हणजे पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच. थांबण्यानें आणि विचारानें आराखडा सुधारला, हें येथें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पण तोंवर पैसा देणारा कोणी उरला नव्हता. लंडनच्या सायन्स म्यूझियमनें १९९१ सालीं, बॅबेजच्या द्विशताब्दीच्या निमित्तानें, याच आराखड्यावरून हिशेबाचें यंत्र बांधून चालवून दाखविलें. छपाईचा भाग २००२ सालीं पुरा झाला. आराखडा मुळांत बरोबर होता. काम मात्र दीडशें वर्षें पडून राहिलें.

याच्या उलट उदाहरण त्याच काळांत स्वीडनमध्यें घडलें. १८३४ सालीं 'एडिंबरा रिव्ह्यू'मध्यें लार्डनर यानें बॅबेजच्या यंत्रावर एक विस्तृत लेख लिहिला. तो स्टॉकहोमच्या गेओर्ग शॉइट्स नांवाच्या मुद्रक-संपादकाच्या वाचनांत आला. त्यानें आणि एडवर्ड या त्याच्या मुलानें आपल्या ऐपतीप्रमाणें यंत्र करावयास घेतलें. बॅबेजच्या संकल्पाच्या मानानें तें लहान होतें आणि घडणींतहि ओबडधोबड होतें. पण १८५३ सालीं तें पुरें झालें. १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यास सुवर्णपदक मिळालें. १८५७ सालीं अमेरिकेंतील ऑल्बनी येथील डडली वेधशाळेनें तें विकत घेतलें. त्याच धर्तीचें दुसरें यंत्र लंडनमध्यें तयार होऊन जन्ममृत्यूच्या नोंदणीकचेरींत गेलें, आणि १८६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या आयुर्मान-कोष्टकांचा कांहीं भाग त्यावर तयार झाला. यंत्र कुरकुरे, त्यास सारखी देखरेख लागे. तरी त्यानें काम केलें. बॅबेजनें या पितापुत्रांचा मत्सर न करतां त्यांचा गौरवच केला, हें त्याच्या मनाच्या मोठेपणाचें द्योतक आहे.

आतां विसाव्या शतकाकडे वळूं. येथवर यंत्र करणाराच थांबला होता. आतां गिऱ्हाईक थांबूं लागलें. अॅडम ऑस्बर्न या गृहस्थाचें बालपण तामिळनाडूंत तिरुवण्णामलै येथें गेलें आणि २००३ सालीं त्याचा अंतहि कोडाइकनाल येथेंच झाला. पण कर्तृत्व घडलें तें कॅलिफोर्नियांत. १९८१ सालीं त्यानें 'ऑस्बर्न १' हा हातांत धरून नेतां येण्याजोगा संगणक १,७९५ डॉलरांस विक्रीस आणला. वजन सुमारें ११ किलो आणि पडदा अवघा पांच इंचांचा. तरी लेखनाचे व हिशेबाचे कार्यक्रम त्यासोबतच मिळत असल्यामुळें लोकांच्या उड्या पडल्या. १९८३ च्या आरंभीं याहून सरस असें पुढचें यंत्र येणार असल्याचा गाजावाजा झाला. तेव्हां आतांचें घेण्यापेक्षां पुढचें घेऊं, असें म्हणून गिऱ्हाईक थबकलें, आणि सप्टेंबर १९८३ मध्यें कंपनीनें दिवाळें काढलें. या प्रकारास व्यापारी जगांत ऑस्बर्नचेंच नांव पडलें आहे. ही कथा इतकी सरळ नाहीं, असें पुढें अनेकांनीं दाखविलें: 'केप्रो'चा नऊ इंची पडद्याचा संगणक त्याच किंमतींत आधींच बाजारांत आला होता, कॉम्पॅकचें यंत्रहि दाराशीं उभें होतें. तें खरें असलें, तरी विकावयाच्या मालाचें मोल उद्यांच्या मालाच्या नुसत्या बातमीनें उतरतें, ही गोष्ट व्यापाऱ्यांनीं तेव्हांपासून गांठीस बांधली.

मग थांबणारा नेहमींच मूर्ख काय? तसेंहि नाहीं. १९६५ सालीं गॉर्डन मूर यानें असें निरीक्षण नोंदविलें कीं, एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षीं दुप्पट होत आहे. १९७५ सालीं त्यानें ही मुदत दोन वर्षांची केली. १९९९ सालीं अॅरिझोना विद्यापीठांतील कांहीं ज्योतिर्विदांनीं, थोड्याशा विनोदानें पण चोख गणित मांडून, असें दाखविलें कीं, यंत्राची शक्ति अठरा महिन्यांत दुप्पट होत असेल, तर सुमारें सव्वीस महिन्यांहून लांब चालणारी आंकडेमोड आज सुरू न करणेंच शहाणपणाचें. उदाहरणार्थ, आजच्या यंत्रावर ४८ महिने लागणारें काम घ्या. १८ महिने स्वस्थ बसून मग दुप्पट वेगाचें यंत्र घेतलें, तर २४ महिन्यांत म्हणजे एकूण ४२ महिन्यांत तें उरकतें. सहा महिने वांचले! पण तेंच काम १२ महिन्यांचें असेल, तर थांबणारा २४ महिन्यांनीं पोहोंचतो आणि निम्मा काळ फुकट जातो.

या गणिताच्या पोटांत एक गृहीत आहे, आणि आमच्या घरगुती प्रश्नाचें मर्म त्यांतच आहे. हा हिशेब केवळ यंत्रानें करावयाच्या कामाचा आहे. निबंध लिहिणें, भाषा शिकणें, हिशेब ठेवणें, एखादी विद्या हातीं बसविणें, हीं कामें यंत्राची गति दुप्पट झाल्यानें निम्म्या वेळांत होत नाहींत. त्यांचा वेग माणसाच्या डोक्याचा आणि बोटांचा. तेव्हां अशा कामांस थांबण्यांत नफ्याची बाजू जवळजवळ नाहींच. तोट्याची मात्र आहे.

याचा दाखला आपल्या मुंबईंतच आहे. १९५४ च्या सुमारास टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं एक संगणक बांधावयास घेतला. हातीं असलेल्या तरुणांपैकीं बहुतेकांस या विद्येचा अनुभव नव्हता. १९५६ मध्यें लहान प्रायोगिक यंत्र तयार झालें; पुरें यंत्र १९६० च्या फेब्रुवारींत चालूं लागलें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. रेडिओंत असत तसल्या सुमारें २,७०० निर्वात नळ्यांवर तें चाले. पण तें पुरें होईपर्यंत परदेशांत ट्रान्झिस्टरचीं यंत्रें बाजारांत आलीं होतीं. म्हणजे जन्मतःच तें जुनें झालें होतें. चारच वर्षांनीं, १९६४ सालीं, त्याच संस्थेंत 'सीडीसी ३६००' हें कितीतरी शक्तिमान् अमेरिकन यंत्र आलें. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनें निराळा मार्ग धरून 'हेक-२एम' हें लहानसें इंग्रजी यंत्र तयारच विकत आणलें आणि १९५६ सालीं तें कामास लावलें. दोघांचे मार्ग भिन्न. पण थांबलें कोणीच नाहीं. म्हणूनच मोठीं यंत्रें आलीं तेव्हां तीं चालविणारीं माणसें या देशांत आधींच तयार होतीं. टिफ्रॅक लवकरच मोडींत निघालें, पण त्यावर घडलेली विद्या मोडींत निघाली नाहीं. १९६५ सालीं कंप्यूटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हां तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहनच झाले.

येथवर मी दुसऱ्यांच्या चुकांचा आणि शहाणपणाचा हिशेब मांडला. आतां माझाहि मांडतों, कारण मुलीस उत्तर देतांना मला अडविलें तें बॅबेजनें नव्हे.

माझे वडील निवृत्त शिक्षक आणि मोडीचे उत्तम जाणकार होते. आमच्या घरीं जुन्या मोडी कागदांचे दोन रुमाल आहेत. वडिलांनीं वाचावें आणि मीं तें संगणकावर उतरून घ्यावें, असें आमचें १९९५ सालीं ठरलें. मी नुकताच नोकरीस लागलों होतों. संगणकाची किंमत कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. नवी 'विंडोज' येत होती, वेगवान पेंटियम स्वस्त होणार असें ऐकत होतों. शिवाय देवनागरी टंकांचा तेव्हां एवढा गोंधळ होता, कीं एका टंकांतला मजकूर दुसऱ्यांत उघडला कीं निरर्थक अक्षरें दिसत. सर्व स्थिरस्थावर झालें म्हणजे घेऊं, असें मी म्हणत राहिलों. माझीं कारणें खोटीं नव्हतीं. दरवर्षीं तीं पुन्हां खरींच ठरत. मीं संगणक घेतला तो १९९९ सालीं. तोंवर कांचबिंदूनें वडिलांची दृष्टि इतकी मंदावली होती, कीं त्यांस मोडीची ओळ लागेना. पुढें जुन्या टंकांतला मजकूर नव्या पद्धतींत आणणारीं साधनें निघालीं. पण जो मजकूर लिहिलाच गेला नव्हता, तो आणणारें साधन कोठून निघणार? ते रुमाल आज दुसरा कोणी मोडीज्ञ वाचूं शकेल. पण कोणतें शेत कोणाचें, कोणतें नांव कोणत्या घराण्याचें, हें सांगणारे वडीलच होते. एका सुट्टींत त्यांनीं वाचलेलीं चौदा पानें तेवढीं आज माझ्यापाशीं आहेत. तीं मीं साध्या वहींत, शाईच्या लेखणीनें उतरून घेतलीं होतीं.

यंत्राचा हिशेब मीं चोख केला. यंत्र लवकर स्वस्त होईल, हेंहि खरें ठरलें. वडिलांच्या डोळ्यांचा हिशेब मात्र मीं केलाच नाहीं.

म्हणून मुलीस मीं यंत्राविषयीं कांहींच विचारलें नाहीं. तिचें काम केव्हां सुरू होतें आणि दुकानांत आज मिळतें तें यंत्र त्या कामास पुरतें कीं नाहीं, एवढेंच विचारलें. काम अद्यापि दूर असेल, आणि नव्या आवृत्तीची तारीख जाहीर होऊन चारसहा आठवड्यांवर आली असेल, तर खुशाल थांबावें. कदाचित् जुन्याची किंमतहि उतरेल. पण थांबण्यास मुदत घालावी आणि ती मोडूं नये. काम दाराशीं उभें असेल, तर पुरेसें यंत्र घेऊन कामास लागावें, आणि घेतल्यावर वर्षभर जाहिराती पाहूं नयेत. सरस यंत्र मागाहून येणारच आहे. १८३४ पासून तें येतच आहे.

ती म्हणाली, "बाबा, माझें काम सोमवारीं सुरू होतें." आम्ही शनिवारीं दुकानांत जाऊन आलों.