चौपाटीची वाळू आणि वऱ्हाडचा कापूस

धामणगावाहून समुद्र सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. वर्धा नदीचे पात्र हीच आपली मोठी जलराशी आणि कौंडण्यपूरच्या काठची वाळू हेच आपले पुळण. असे असूनही उन्हाळ्याची सुट्टी लागली की वऱ्हाडातील कितीतरी घरांत मुंबईचा बेत निघतो. त्या बेतात राणीची बाग एखादे वेळी राहून गेली तरी चौपाटी राहत नाही. वाळूवर दोन घटका बसावे, भेळ खावी, लाटेत पाय भिजवावेत आणि रात्रीच्या गाडीने परत फिरावे, एवढ्यानेही मुंबई पाहिल्याचे समाधान लाभते. समुद्रकाठी जाऊन विसावा घेण्याची ही रीत आपणांस आता इतकी स्वाभाविक वाटते, की ती पुरातन असावी अशी सहज समजूत होते. वास्तविक ती दीडशे वर्षांपेक्षा फारशी जुनी नाही. ती कशी निर्माण झाली आणि तिच्यात आपल्या वऱ्हाडचा वाटा कोणता, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या पूर्वजांस समुद्र ठाऊक नव्हता असे नाही. पर्वकाळी समुद्रस्नानाचे पुण्य मानले जाई, नारळी पौर्णिमेस कोळी बांधव सागराला नारळ अर्पण करीत आणि आजही करतात. परंतु पुण्यासाठी जाणे वेगळे आणि मौजेसाठी जाणे वेगळे. पर्वणी सोडून एरवी समुद्राकडे भीतीयुक्त आदरानेच पाहिले जाई, आणि समुद्र ओलांडणे तर निषिद्धच होते. शहरात राहणारांचा व्यवहार याहूनही रुक्ष होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या बॅकबेचा काठ, म्हणजे आज जेथे मरीन ड्राइव्ह व चौपाटी आहे तो सारा भाग, शहराची मागची बाजू होता. तेथे मासळी वाळत पडे, जवळच स्मशाने व दफनभूमी होत्या आणि ओहोटीच्या वाळूवर लोक प्रातर्विधीस बसत. त्या काळच्या आरोग्याधिकाऱ्यांनी त्या काठाच्या दुर्गंधीविषयी वारंवार तक्रारी केल्या आहेत. चौपाटी हे नावच चार प्रवाहांवरून पडले असावे असे एक मत आहे. भरतीचे पाणी जेथून आत शिरे अशी ती जागा. तेथे करमणुकीस जावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

हा काठ पालटण्यास कारण झाला तो कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. आपल्या वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावतीचे, म्हणजे आपल्या अमरावतीचे, अपभ्रष्ट रूप. त्या चार वर्षांत कापसाचे भाव आकाशास भिडले आणि मुंबईत सोन्याचा पूर आला. या पैशाला वाट कोठे द्यावी हे न सुचून लोकांनी समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या काढल्या. त्यांत बॅकबे भरून काढणाऱ्या कंपनीचा बोलबाला सर्वांत मोठा होता. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सावकारांच्या शब्दावर पाच हजारांचा भाग दसपटीने विकला गेला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कंपन्या, पेढ्या व घरे एकामागून एक बुडाली.

या सट्ट्यातून वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या पदरी काय पडले, याचा विचार केल्यास मन खिन्न होते. त्याचा माल बैलांच्या पाठीवरून व बंड्यांतून जात होता. त्यावर उभी राहिलेली स्वप्ने मात्र मुंबईच्या समुद्रात तरंगत होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग नागपूरला पोचला तो १८६७ साली, म्हणजे तेजी ओसरल्यावर. त्याच मार्गावर आपले धामणगाव आगगाडीचे ठाणे झाले, यवतमाळकडील कापसाच्या बंड्या येथे येऊन रित्या होऊ लागल्या आणि गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा जोडला गेला. हा मार्ग माणसांच्या हौसेसाठी घातलेला नव्हता. तो रुईच्या गाठींसाठी होता. परंतु गाठी नेणाऱ्या रुळांवरून माणसेही जाऊ लागली. इकडे मुंबईत कंपनी बुडाली तरी घातलेली भर वाहून गेली नाही. तिच्यावरून कुलाब्याकडे जाणारी आगगाडी धावू लागली, काठाने फिरण्याचा रस्ता झाला, आणि शहराने समुद्राकडे केलेली पाठ प्रथमच वळवली.

तथापि नुसती जागा असून भागत नाही. तेथे बसावयास वेळ हवा. आमच्या शेतकऱ्याला सण, बाजार आणि जत्रा यांचा विसावा होता. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मजुराला तोही उरला नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि आठवड्याचा एकही वार स्वतःचा नाही, अशी त्याची स्थिती होती. जोतीराव फुले यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी निश्चिंतपणे पाय पसरतो, तो असा मागून, झगडून मिळवलेला आहे. वऱ्हाडच्या कापसाचे सूत काढणाऱ्या हातांना हा दिवस मोकळा मिळाला, आणि लाल बाग-परळच्या चाळींतील माणूस संध्याकाळी मुलांना घेऊन समुद्रकाठी येऊ लागला.

पुढील चाळीस वर्षांत या वाळूला जे महत्त्व आले ते हवा खाणाऱ्या श्रीमंतांमुळे आले नाही. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि गिरगावातील मिरवणुका विसर्जनासाठी चौपाटीकडे लोटू लागल्या. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचे ते जिवलग स्नेही, त्यामुळे वऱ्हाडात घरोघर आप्त गेल्याचे दुःख झाले. नेहमीच्या स्मशानभूमीत त्या जनसागरास सामावून घेणे अशक्य होते. म्हणून खास परवानगी काढून, भर पावसात, लाखो लोकांच्या साक्षीने चौपाटीवरच त्यांना अग्नी देण्यात आला. ज्या ठिकाणी एका राष्ट्रपुरुषाची चिता जळली ती जागा कोण्या कंपनीची किंवा क्लबाची होणे त्यानंतर शक्यच नव्हते. दहा वर्षांनी, १९३० च्या एप्रिलमध्ये, कमलादेवी चट्टोपाध्याय व अवंतिकाबाई गोखले यांनी त्याच वाळूवर मीठ तयार करून सरकारचा कायदा मोडला.

त्या वेळी वऱ्हाडाने काय केले हे येथे सांगणे अवश्य आहे. आपणांस समुद्र नाही. पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथील खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून, वीर वामनराव जोशी आदी पुढाऱ्यांच्या प्रेरणेने, वऱ्हाडी लोकांनी मीठ काढले आणि तुरुंगाची वाट धरली. समुद्र आपल्या दारी नसला तरी त्याच्यावरील हक्क आपला आहे, हे ज्यांनी कृतीने सांगितले त्या लोकांचे आपण वंशज आहोत.

श्रोतेहो, चौपाटीची ही कथा आपल्यापुरतीच नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात, रिओ दी जानेरो या नावाचे एक महानगर आहे. मुंबई १५३४ साली ज्या पोर्तुगीजांच्या हाती गेली, त्यांनीच १५६५ साली हे शहर वसवले. आपल्या कोकणातला काजू याच पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. मुंबईसारखेच हे शहर डोंगर आणि उपसागर यांच्या बेचक्यात बसलेले आहे. तेथेही टेकड्या फोडून समुद्रात भर घालण्यात आली. कोपाकबाना या त्याच्या किनाऱ्याचे नाव आज जगभर सहलीच्या आणि उत्सवाच्या जागेचे नाव म्हणून घेतले जाते. लांबवर पसरलेली पांढरी वाळू, चेंडू खेळणारी मुले, ढोलांचा ठेका आणि वर्षातून एकदा येणारा कार्निव्हल यांसाठी लक्षावधी प्रवासी तेथे जातात.

परंतु त्या किनाऱ्याचा पूर्वेतिहास पाहिला तर आपल्या बॅकबेची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. गुलामगिरीच्या काळात शहरातील मैल्याची पिपे डोक्यावर घेऊन गुलाम ती समुद्रात नेऊन ओतीत. पिपांतून गळलेल्या घाणीने त्यांच्या अंगावर पट्टे उमटत, म्हणून त्यांना ‘वाघ’ असे नाव पडले होते. १८११ पासून वापरात आलेल्या वालोंगो धक्क्यावर सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसे बंदिवान करून उतरवण्यात आली असा अंदाज आहे. १८०८ साली नेपोलियनच्या भयाने पोर्तुगालचे राजघराणे रिओस आले. तेथे राजा जोआओ याने पायाच्या दुखण्यावर उपाय म्हणून समुद्रस्नान केले असे सांगतात. स्नान हे तेव्हा औषध होते. पुढे १८८८ साली गुलामगिरी नष्ट झाली, १८९२ साली डोंगरातून बोगदा काढून ट्रामगाडी कोपाकबानास पोचली, आणि कोळ्यांच्या त्या वस्तीत १९२३ साली राजवाड्यासारखे हॉटेल उभे राहिले. दरम्यान १९१७ साली नगराधिकाऱ्यांनी स्नानाच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. सकाळी व सायंकाळी काही तासच पाण्यात उतरावे, पोशाख सभ्य असावा, गलका करू नये. मौजेलाही प्रथम परवाना लागत होता.

आणि तेथेही किनारा कोणाचा हा प्रश्न सुटता सुटला नाही. १९८४ साली शहराच्या उत्तरेकडील कामकरी वस्त्यांतून डोंगराखालच्या बोगद्यातून थेट किनाऱ्यापर्यंत बसगाड्या सुरू झाल्या, तेव्हा काठावरच्या धनिकांनी नाके मुरडली. ‘आमच्या’ वाळूवर हे लोक कशाला, असा त्यांचा सूर होता. परंतु १९८८ च्या कायद्याने ब्राझीलमधील सर्व समुद्रकिनारे लोकांच्या सामायिक वापराची मालमत्ता ठरले, आणि तेथे जाण्यास सर्वसाधारणपणे कोणासही मज्जाव करता येत नाही. कोपाकबानावर वर्षाच्या अखेरच्या रात्री पांढरी वस्त्रे नेसून समुद्रदेवता येमांजा हिला फुले वाहण्याची चाल आहे. ही देवता आफ्रिकेतून गुलामांबरोबर आली. ज्यांचे पूर्वज साखळदंडांत त्या शहरात उतरले, त्यांचीच देवता आज त्या शहराच्या उत्सवात पूजिली जाते. आपल्या नारळी पौर्णिमेशी असलेले तिचे साम्य पाहून मला तरी ते लोक परके वाटत नाहीत.

आपल्याकडेही दारे बंद होतीच. मुंबईतील ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे गोऱ्यांसाठी राखलेला होता. समुद्र दूर म्हणून वऱ्हाडच्या साहेबांनी चिखलदऱ्याचा डोंगर विसाव्यासाठी निवडला. तेथील बंगले त्यांचे आणि ओझी वाहणारे खांदे मात्र तेथल्या गरिबांचे, अशीच व्यवस्था होती. चौपाटी या वाटेने गेली नाही. तेथे तिकीट नाही, दरवाजा नाही, बसण्यास पाट नाही. वाळूवर सारेच सारख्या उंचीवर बसतात. पंढरपूरच्या वाळवंटी वारकऱ्यांनी जे अनुभवले त्याची एक लौकिक छटा येथे दिसते असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

ही मोकळीक आपोआप टिकणारी नव्हे. किनाऱ्यालगतच्या बांधकामांस आळा घालणारे नियम आपल्या देशात १९९१ साली झाले. २०१९ साली ते पुष्कळसे सैल करण्यात आले. १९२० नंतरच्या दशकात सरकारने बॅकबेत पुन्हा भर घालण्यास घेतली, तेव्हा त्यातील उधळपट्टीविरुद्ध खुर्शेद नरिमन यांना एकाकी झुंज द्यावी लागली; त्याच भरावावर पुढे मरीन ड्राइव्ह झाला. २०२४ साली खुला झालेला किनारी रस्ताही समुद्रात भर घालूनच झाला आहे, आणि त्याचे बोगदे चौपाटीच्या खालूनच गेले आहेत. मोटारींना त्याचा उपयोग आहे यात शंका नाही. परंतु शहर जसजसे समुद्रात पुढे सरकते, तसतशी पायी येणाऱ्या माणसाच्या वाट्याची वाळू किती उरते, हे पाहणारा कोणीतरी असला पाहिजे.

तो पाहणारा मुंबईकरच असावा असे नाही. धामणगावच्या फलाटावर मुलाबाळांसह, फराळाचे डबे व वळकट्या घेऊन मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाचाही त्या वाळूशी संबंध आहे. त्याच्या पणजोबांच्या कापसाने त्या खाडीत पहिली भर पडली. लोखंड्यांच्या रविवारामुळे ती जागा गरिबांची झाली. टिळकांच्या चितेने आणि मिठाच्या चिमटीने ती सर्वांची झाली. तेव्हा यंदाच्या सुट्टीत चौपाटीवर बसाल तेव्हा पाहुण्यासारखे अवघडून बसू नका, आणि उठताना भेळेचा कागद मागे टाकून येऊ नका. आपल्या शेताच्या बांधाची जी काळजी आपण घेतो, तीच त्या काठाचीही घ्यावयाची आहे.