देवळापासून मोजलेलं अंतर

लोणारला आलेला पाहुणा थेट सरोवराच्या काठावर जाऊन उभा राहतो. 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर पाहिलं की त्याचं लोणार संपतं. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली, 2000 साली अभयारण्य झालं, 2020 मध्ये रामसर यादीत नाव गेलं. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन देऊळ मात्र वर गावात आहे, आणि त्याच्या भोवती आम्ही राहतो.

या वस्तीचा इतिहास घरांच्या भिंतीत आहे. आमचं घर धाब्याचं. सागाचे खांब, वर कड्या, त्यावर पांढरीच्या मातीचा थर. पावसाळ्याआधी ती माती चोपून बसवायची, नाहीतर घर गळायचं. आबा आणि शेजारचे काका हे काम एकमेकांच्या धाब्यावर चढूनच करत, कारण दोन्ही घरांची भिंत एकच होती. कुणाला खोली काढायची असेल तर तो आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर येऊन बसे. पाणी कुणीकडे पडेल, उजेड कुणाचा अडेल, हे तिथेच ठरे. आमच्या गल्लीची बांधकाम परवानगी ती हीच.

मग सरकारी परवानगी आली. प्राचीन स्मारकांचा कायदा 1958 चा. पण आमच्या उंबऱ्यापर्यंत तो पोचला 16 जून 1992 च्या अधिसूचनेने. या देवळासारख्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. 2010 च्या दुरुस्तीने हे कायद्यातच घातलं आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमलं. पहिल्या पट्ट्यातल्या जुन्या घराची परवानगी काढून दुरुस्ती करता येते, नवं बांधता येत नाही. दुसऱ्या पट्ट्यात परवानगी मिळाली तर बांधता येतं.

देवळासाठी हे हवंच होतं, असं मी आजही म्हणतो. नाहीतर त्या तारकाकृती भिंतींना चहूबाजूंनी सिमेंटने गाठलं असतं.

पण नियंत्रित पट्ट्यातल्या एका खाजगी शाळेने लगतचा जुना वाडा घेऊन वर मजले चढवायचं ठरवलं, तेव्हा गल्ली पेटली. पहिल्या पट्ट्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, आमाले न्हाणी वाढवू देत नाईत, अन् यायले मजले?" मी आयुष्यभर मास्तरकी केली. शाळेला विरोध करणाऱ्या अर्जावर सही सहज झाली नाही. खेड्यांतली पोरं शिकायला इथे येतात, त्यांना खोल्या हव्यात हे मला कुणी सांगायला नको. तरीही सही केली. ज्या बोळातून एक बैलगाडी जेमतेम निघत असे, तिथे सकाळी गाड्या, रिक्षा आणि शेकडो पोरं एकदम शिरणार. शेजारची मातीची भिंत खोदकामात खचली तर ती पुन्हा उभी करणारा गवंडीही आता सहज सापडत नाही. शाळेला गावाबाहेर मोकळी जमीन घेता येते. वाडा उचलून नेता येत नाही.

कायद्याचं माप देवळापासून निघतं. आमच्या भिंती, आमचा बोळ त्या मापात येत नाही. मात्र 2010 च्या कायद्यात एक वाट आहे: प्रत्येक स्मारकासाठी वारसा उपविधी करायचे असतात, आणि 2011 च्या नियमांप्रमाणे त्यांचा मसुदा जाहीर करून 30 दिवसांत लोकांच्या हरकती मागवायच्या असतात. परिसरातल्या इमारतींची उंची, दर्शनी भाग, वापर हे सगळं त्यात येऊ शकतं.

म्हणून आम्ही नुसता विरोध लिहिला नाही. मागण्या लिहिल्या. घराची दुरुस्ती आणि संस्थेचा विस्तार यांना वेगळे निकष लावा. सामायिक भिंत असेल तिथे पाया खोदण्याआधी शेजाऱ्याचं म्हणणं लेखी घ्या. आणि कुठलीही मोठी इमारत मंजूर करण्यापूर्वी सुनावणी बुलढाण्याला ठेवू नका, आमच्या गल्लीत ठेवा, म्हणजे बसस्टँडपर्यंतही चालू न शकणारी माणसं आपल्या ओट्यावरून बोलू शकतील.